लिबरल आर्ट्स कॉलेजात मीडिया शिकताना: प्रवेशापासून पहिल्या नोकरीपर्यंत कोणतं काम कधी करायचं

अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्स कॉलेजात, म्हणजे नोकरीच्या प्रशिक्षणापेक्षा व्यापक शिक्षणावर भर देणाऱ्या छोट्या कॉलेजात, मीडिया स्टडीज घेतलेल्या मुलांचा हिशोब बहुतेक वेळा एकाच जागी चुकतो. चार वर्षं चांगले ग्रेड मिळवायचे आणि शेवटच्या सेमिस्टरला नोकरीच्या मागे लागायचं, असं त्यांनी धरलेलं असतं. पण या कॉलेजांचा मीडिया विभाग तुम्हांला पत्रकार किंवा निर्माता करायला बसलेला नाही. सिनेमा, बातमी, जाहिरात, प्लॅटफॉर्म यांच्याकडे कसं बघायचं ते तिथे शिकवतात, आणि उत्तम शिकवतात. बातमी लिहिणं, आवाज कापणं, मुलाखत घेणं हे मात्र वर्गाबाहेर, स्वतःहून आणि वेळेत शिकून घ्यावं लागतं. त्यात तुम्ही एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर कागदपत्रांच्या तारखा चुकल्या की पदवी असूनही घरी बसावं लागतं. म्हणून खाली सगळा भर क्रमावर दिला आहे.

## १. अर्ज करण्याआधी: माहितीपुस्तिका बाजूला ठेवा, कोर्स कॅटलॉग उघडा

कॅमेरा हातात धरलेल्या हसऱ्या मुलांचे फोटो सगळ्याच कॉलेजांच्या पुस्तिकेत असतात. त्यातून काही कळत नाही. कॉलेजचा कोर्स कॅटलॉग उघडा आणि मीडिया विभागाची पानं वाचा. आधी विभागाचं नाव बघा, कारण त्यातूनच कल समजतो. मॅकॅलेस्टरमध्ये तो ‘मीडिया अँड कल्चरल स्टडीज’ आहे, मिडलबरीत ‘फिल्म अँड मीडिया कल्चर’, स्वार्थमोरमध्ये ‘फिल्म अँड मीडिया स्टडीज’ आणि व्हॅसरमध्ये नुसतं ‘मीडिया स्टडीज’. जर्नलिझम हा शब्द यांतल्या एकाही नावात नाही, आणि हा योगायोग नव्हे. वॉशिंग्टन अँड लीसारखं स्वतःचा पत्रकारिता विभाग असलेलं लिबरल आर्ट्स कॉलेज हा अपवाद.

मग एक कागद घ्या आणि तीन रकाने पाडा. पहिल्यात सिद्धांताचे कोर्स, दुसऱ्यात इतिहासाचे, तिसऱ्यात प्रत्यक्ष काहीतरी बनवायला लावणारे. तिसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक कोर्सपुढे तो दर वर्षी असतो की वर्षाआड, आणि त्याला आधीचा कोणता कोर्स लागतो, तेही लिहा. कॅटलॉगमध्ये छापलेला कोर्स दर वर्षी शिकवलाच जातो असं नाही. प्राध्यापक सुट्टीवर गेले की तो सरळ गळतो. म्हणून मागच्या दोन वर्षांचं वेळापत्रक काढून ताडून बघा.

तिसरा रकाना रिकामा दिसला म्हणून कॉलेज लगेच यादीतून काढू नका. आधी शेजारी कोण आहे ते पाहा. पोमोना, पिट्झर आणि स्क्रिप्स ही क्लेअरमाँटची कॉलेजं मीडिया स्टडीज एकत्र चालवतात. अ‍ॅमहर्स्ट, स्मिथ, माउंट होल्योक यांचा मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट कॅम्पसशी कोर्स अदलाबदलीचा करार आहे आणि त्या विद्यापीठात पत्रकारितेचा स्वतंत्र विभाग आहे. छोट्या कॉलेजात राहून मोठ्या विद्यापीठातला रिपोर्टिंगचा कोर्स घेता येतो, पण बसचं वेळापत्रक आणि दोन्हीकडच्या नोंदणीच्या तारखा सांभाळाव्या लागतात.

तपासा: विद्यार्थी वृत्तपत्राचे मागच्या वर्षाचे अंक ऑनलाइन वाचता येतात का? कॉलेजचं रेडिओ स्टेशन चालू आहे का? दोन्ही मरगळलेली असतील तर ती मोठी उणीव समजा.

## २. पहिलं सेमिस्टर: विद्यार्थी वृत्तपत्रात नाव नोंदवा, थांबू नका

‘आधी अभ्यासाची घडी बसू दे, मग बघू’ हे वाक्य मी सगळ्यांत जास्त ऐकतो आणि त्यानेच सगळ्यांत जास्त नुकसान होतं. पहिल्या वर्षी कोणीही तुमच्याकडून फार अपेक्षा ठेवत नाही, त्यामुळे चुका करायला हाच काळ स्वस्त. तिसऱ्या वर्षी वृत्तपत्रात शिरलात तर पानं लावणारे आणि बातम्या वाटणारे तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असतील, आणि संपादकपद मिळायची वेळ निघून गेलेली असेल.

क्रम असा ठेवा. आधी बातमी, मग मुलाखत, मग फीचर, आणि मत मांडणारा लेख सगळ्यांत शेवटी. नव्या मुलांना उलटं आवडतं. पण मतलेखांचा गठ्ठा घेऊन न्यूजरूमच्या दारात उभं राहिलं तर तो कोणी उघडत नाही. तुम्हांला फोन करून माहिती काढता येते का, नावाचं स्पेलिंग बरोबर लिहिता येतं का, वेळेत मजकूर देता येतो का, एवढंच तिथे बघायचं असतं.

रेडिओ स्टेशन असेल तर तिथेही जा. क्लेअरमाँटचं केएसपीसी ८८.७ एफएमवर प्रसारण करतं, म्हणजे सरकारी परवान्याचे नियम आणि वेळेची शिस्त दोन्ही आपसूक अंगात मुरतात. ध्वनिसंपादनासाठी ऑडेसिटी फुकट आहे. चित्रफितींसाठी दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती विद्यार्थ्याला पुरून उरते. महागडा कॅमेरा घेऊ नका. बहुतेक कॉलेजांत उपकरणं उसनी मिळतात आणि पहिली दोन वर्षं खरा प्रश्न आवाजाचाच असतो. चित्र हललं तर लोक बघून घेतात, आवाज फाटला तर बंद करतात.

सावध: मुलाखत किंवा फोन रेकॉर्ड करण्याचा कायदा राज्यागणिक बदलतो. न्यूयॉर्क आणि मिनेसोटात संभाषणातल्या एकाची संमती पुरते. कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स, पेनसिल्व्हेनियात खासगी संभाषणासाठी सगळ्यांची लागते. समोरचा दुसऱ्या राज्यात बसला असेल तर कडक नियम लागू आहे असंच धरा. आधी परवानगी विचारा, मग रेकॉर्डर सुरू करून तेच पुन्हा विचारा, आणि त्याचा ‘हो’ टेपवर येऊ द्या.

## ३. दुसरं सेमिस्टर: कागदावरून बातमी काढायला शिका

कार्यक्रमाचं वार्तांकन कोणीही करतो. कागद वाचून बातमी काढणारा विद्यार्थी वेगळा उठून दिसतो आणि त्यासाठी कॅम्पस सोडून जावं लागत नाही.

पहिला कागद म्हणजे फॉर्म ९९०. खासगी लिबरल आर्ट्स कॉलेजं ना-नफा संस्था असतात आणि त्यांना हे विवरणपत्र दर वर्षी कर खात्याला द्यावं लागतं. ते सार्वजनिक असतं. प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या ‘नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर’वर कॉलेजचं नाव टाकलं की मिळतं. त्यात अध्यक्षांचा आणि वरच्या अधिकाऱ्यांचा मोबदला, सर्वांत मोठे कंत्राटदार, गंगाजळीचा चढउतार हे सगळं असतं. एकाच वर्षाचं विवरणपत्र वाचून बातमी होत नाही. सलग पाच वर्षांची काढा, एकच ओळ पाचही ठिकाणी शोधा आणि तक्ता करा. समजा, बाहेरच्या खानपान कंपनीला दिलेली रक्कम दर वर्षी वाढली आहे आणि त्याच काळात मेसच्या वेळा कमी झाल्या आहेत. मग तक्ता घेऊन वित्त कार्यालयात जा आणि विचारा. उत्तर मिळालं तरी बातमी, नाही मिळालं तरी बातमी. एक लक्षात ठेवा: विवरणपत्र साधारण वर्ष-दीड वर्ष मागचं असतं. आकडा कोणत्या आर्थिक वर्षाचा ते न लिहिता छापलात तर पहिला दुरुस्तीचा फोन तिथूनच येतो.

दुसरा कागद म्हणजे कॅम्पस सुरक्षेच्या क्लेरी कायद्याखालची गुन्ह्यांची दैनंदिन नोंद. स्वतःचं सुरक्षा खातं असलेल्या कॉलेजला ही नोंद ठेवावी लागते आणि गेल्या ६० दिवसांची कार्यालयीन वेळेत मागेल त्याला दाखवावी लागते. वार्षिक सुरक्षा अहवाल दर वर्षी १ ऑक्टोबरपर्यंत निघतो. तारीख आधीच ठरलेली असते, तेव्हा त्या आठवड्याची बातमीही आधीच आखून ठेवा.

नेहमीची चूक: खासगी कॉलेजला राज्याच्या सार्वजनिक माहिती कायद्याखाली अर्ज टाकणं. तो कायदा सरकारी विद्यापीठांना लागतो, खासगी कॉलेजला सहसा नाही. उत्तराची वाट बघण्यात सेमिस्टर जातं.

## ४. दुसरं वर्ष: मेजर जाहीर करण्याआधी सांकेतिक क्रमांक विचारा

मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, साधारण दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस जाहीर करायचा असतो. मीडियाला जोड म्हणून काय घ्यावं, यावर माझं मत ठाम आहे: ज्या विषयावर लिहायचं आहे तो विषय घ्या. अर्थशास्त्र, जीवशास्त्र, संख्याशास्त्र, एखादी भाषा. संपादकाला ‘माध्यमांची जाण’ असलेली मुलं ढिगाने मिळतात, ताळेबंद वाचणारी मिळत नाहीत. मराठी आणि हिंदी उत्तम येत असेल तर तेही भांडवल आहे. ते रेझ्युमेच्या तळाशी ‘इतर’ या सदरात पुरून ठेवू नका.

परदेशी विद्यार्थ्यासाठी याच टप्प्यावर एक गोष्ट ठरते, आणि ती बहुतेकांना शेवटच्या वर्षी कळते. प्रत्येक मेजरला सरकारी वर्गीकरणातला एक सांकेतिक क्रमांक असतो आणि तो तुमच्या आय-२० वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं त्या कागदावर, छापलेला असतो. पदवीनंतर कामाची मुभा, म्हणजे ओपीटी, १२ महिन्यांची. हा क्रमांक ‘स्टेम’ (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असेल तर आणखी २४ महिने मागता येतात. सर्वसाधारण मीडिया स्टडीज या यादीत नाही. ‘डिजिटल कम्युनिकेशन अँड मीडिया’चा ०९.०७०२ हा क्रमांक मात्र आहे. कॉलेज आपल्या मेजरला कोणता क्रमांक देतं, ते नावावरून ओळखता येत नाही.

तपासा: मेजर जाहीर करण्याच्या अर्जावर सही करण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जा. मीडियाचा क्रमांक विचारा, आणि संगणकशास्त्र किंवा संख्याशास्त्राचं दुहेरी मेजर केलं तर दोन्ही आय-२० वर येतील का तेही विचारा. उत्तर ईमेलवर घ्या.

## ५. इंटर्नशिप: परवानगी आधी, काम नंतर

मोठ्या वृत्तपत्रांच्या आणि रेडिओच्या उन्हाळी इंटर्नशिपचे अर्ज आदल्या शरद ऋतूतच सुरू होतात. बऱ्याच ठिकाणी थंडीची सुट्टी संपायच्या आत मुदत उलटलेली असते. मार्चमध्ये शोधायला निघालात तर छोटी साप्ताहिकं, स्थानिक स्टेशनं आणि संस्थांची संपर्क खाती एवढंच उरतं. ती वाईट नाहीत. उलट छोट्या साप्ताहिकात पहिल्याच आठवड्यात बायलाइन, म्हणजे बातमीवर आपलं नाव, मिळते आणि मोठ्या ठिकाणी पूर्ण उन्हाळा दुसऱ्याच्या मुलाखती टाइप करण्यात जाऊ शकतो.

एफ-१ असेल तर क्रम काटेकोर पाळा:

१. कॉलेजात एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालं पाहिजे. त्याआधी कॅम्पसबाहेरच्या इंटर्नशिपची परवानगी मिळत नाही.

२. ऑफर लेटर मिळवा. त्यात कामाचं ठिकाण, आठवड्याचे तास आणि सुरुवातीची व शेवटची तारीख हवी.

३. ही परवानगी, म्हणजे सीपीटी, अभ्यासक्रमाचा भाग असलेल्या कामालाच मिळते. लिबरल आर्ट्स कॉलेजं इंटर्नशिपला क्रेडिट द्यायला हात आखडतात. तेव्हा कोणता कोर्स किंवा कोणते प्राध्यापक ही इंटर्नशिप अभ्यासक्रमाला जोडून देतील ते फेब्रुवारीतच विचारून ठेवा.

४. सीपीटीची नोंद असलेला नवा आय-२० हातात पडल्यावरच कामावर जा. परवानगी त्याच मालकापुरती आणि त्याच तारखांपुरती असते. दोन आठवडे वाढवायचे तर पुन्हा आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जा.

सावध: ‘पगार नाही, म्हणजे परवानगी नको’ हे खोटं आहे. ज्या कामाचे एरवी पैसे द्यावे लागतात ते फुकट केलं तरी अडचण होऊ शकते. एखाद्या नियतकालिकाने लेखाचे पन्नास डॉलर देऊ केले किंवा तुमच्या चॅनेलला जाहिराती मिळू लागल्या, तरी पैसा घेण्याआधी कार्यालयाला विचारा. कॅम्पसवरच्या कामाची मर्यादा सत्र चालू असताना आठवड्याला २० तास आहे. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा त्याहून जास्त वापरलात तर पदवीनंतरची कामाची मुभाच जाते. हे नियम बदलतात, म्हणून वरच्या वर्गातल्या मित्राच्या आठवणीवर विसंबू नका.

उन्हाळ्यात आणखी एक काम उरकून घ्या: वाहन परवाना. स्थानिक वृत्तपत्रांच्या वार्ताहराच्या जाहिरातीत परवाना आणि स्वतःची गाडी या अटी वारंवार दिसतात. छापून आलेल्या कामाच्या चांगल्या क्लिप असून निव्वळ या एका ओळीवर अर्ज अडतो.

## ६. तिसरं वर्ष: पोर्टफोलिओ

पाच-सहा कामं, जास्त नाही. सर्वांत चांगलं वर, सर्वांत नवं नव्हे. प्रत्येक कामाखाली दोन ओळी: यात तुम्ही नेमकं काय केलंत, आणि कठीण काय होतं. गटात केलेल्या चित्रफितीखाली ‘दिग्दर्शन आणि संपादन’ असं मोघम लिहू नका. ‘दोन मुलाखती घेतल्या, ध्वनिमुद्रण केलं, पहिला कट लावला’ असं लिहा. मुलाखतीत तिथेच बोट ठेवलं जातं.

दुवे मरतात. विद्यार्थी वृत्तपत्रं वेबसाइट बदलतात आणि जुने लेख एका रात्रीत गायब होतात. लेख प्रसिद्ध झाला त्याच दिवशी त्याची पीडीएफ काढा आणि इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये पान जतन करा. कॉलेजच्या ईमेलवर किंवा ड्राइव्हवर काही ठेवलं असेल तर ते खातं पदवीनंतर बंद होऊ शकतं. सगळं स्वतःच्या खात्यावर आणा.

वर्गात लिहिलेला निबंध पोर्टफोलिओत घालू नका. अगदी ‘ए’ मिळाला असला तरी. तो वाचायला अर्धा तास लागतो आणि नोकरी देणाऱ्याकडे तेवढा वेळ नसतो.

## ७. शेवटचं वर्ष: प्रबंधाचा विषय

बऱ्याच कॉलेजांत शेवटच्या वर्षी प्रबंध किंवा प्रकल्प असतो. विषय असा निवडा की त्यातून शंभर पानांखेरीज आणखी काही निघेल. स्थानिक बातमीपत्रं बंद पडल्यावर गावाच्या सभांचं वार्तांकन कोण करतं, या विषयात मुलाखती, आकडे आणि एक वाचनीय लेख तिन्ही निघतात. एखाद्या तत्त्वज्ञाच्या एका संकल्पनेचं पुनर्वाचन केलं तर पदव्युत्तर अर्जाला त्याची मदत होईल, न्यूजरूमला नाही. दोन्ही रस्ते चांगले आहेत, पण आपण कोणत्या रस्त्यावर आहोत ते सप्टेंबरात ठाऊक हवं. लोकांच्या मुलाखती घेणार असाल तर संशोधन नीतिसमितीची मान्यता लागते का, हेही तेव्हाच विचारा. ती मिळायला आठवडे जातात.

## ८. पदवीच्या आधीचे ९० दिवस: ओपीटी

इथे एकच तक्ता करा आणि भिंतीवर लावा.

- अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ते संपल्यावर ६० दिवसांपर्यंत करता येतो. मेच्या मध्यावर पदवी असेल तर फेब्रुवारीच्या मध्यापासून. पहिल्याच आठवड्यात करा, कारण निर्णयाला महिने लागू शकतात.
- आधी कॉलेजने आय-२० वर शिफारस करायची. तिच्यापासून ३० दिवसांच्या आत तुमचा आय-७६५ हा कामाच्या परवानगीचा अर्ज सरकारकडे पोचला पाहिजे. शिफारस लवकर घेतली आणि फोटोसाठी महिना घालवला, तर अर्ज फेटाळला जातो.
- सुरुवातीची तारीख अभ्यासक्रम संपल्यापासून ६० दिवसांच्या आत कुठलीही मागता येते. ऑफर नसेल तर ती पुढे ढकला, कारण बेकारीचे दिवस त्या तारखेपासून मोजले जातात आणि एकूण ९० च चालतात.
- कामाचं कार्ड हातात आणि त्यावरची तारीख उजाडलेली, हे दोन्ही झाल्यावरच काम सुरू करा. मालकाचं नाव-पत्ता १० दिवसांच्या आत कळवा.

मीडियावाल्यांना एक सोय आहे: पहिल्या १२ महिन्यांत एकाहून जास्त मालक चालतात, कंत्राटी कामही चालतं. मात्र ते तुमच्या विषयाशी निगडित आणि आठवड्याला किमान २० तासांचं हवं. करारपत्रं, पावत्या, तासांची नोंद जपून ठेवा.

## ९. नोकरी: कोणत्या दाराने

वार्ताहराखेरीज दारं बरीच आहेत आणि लिबरल आर्ट्सच्या मुलांना त्यांतली काही जास्त सहज उघडतात. मासिकांतला तथ्य-तपासनीस, कॉपी एडिटर, ऑडिओ निर्मितीतला सहायक, न्यूजलेटर आणि वाचकसंपर्क बघणारा संपादक, माहितीपटासाठी अर्काइव्ह धुंडाळणारा संशोधक, विद्यापीठ किंवा रुग्णालयाच्या संपर्क खात्यातला लेखक. तथ्य-तपासणी मला सगळ्यांत चांगली सुरुवात वाटते. चांगला लेख आतून कसा बांधलेला असतो ते इतक्या जवळून दुसरीकडे कुठे दिसत नाही. कॉपी एडिटरच्या चाचणीत असोसिएटेड प्रेसची शैलीपुस्तिका विचारतात, ती आधी वाचून जा.

अर्जासोबतचं पत्र एक पान. पहिल्या परिच्छेदात त्यांच्याच कामातली एक विशिष्ट गोष्ट घ्या आणि तुम्ही तिथे काय भर घालाल ते सांगा. ‘लहानपणापासून कथा सांगायची आवड’ हे वाक्य आधीच्या दहा पत्रांत येऊन गेलेलं असतं.

परदेशी विद्यार्थ्याने यादी करताना मालकाचा प्रकारही बघावा. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची नोंदणी मार्चमध्ये होते, काम १ ऑक्टोबरपासून सुरू होतं आणि संख्येला मर्यादा आहे. विद्यापीठांना आणि त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्थांना ती मर्यादा लागू नाही. सार्वजनिक रेडिओची बरीच स्टेशनं विद्यापीठांच्या मालकीची आहेत. बॉस्टनचं डब्ल्यूबीयूआर बॉस्टन विद्यापीठाचं आहे. अशा ठिकाणांना यादीत वरची जागा द्या. दुसरं, या व्हिसासाठी पदाला विशिष्ट विषयाची पदवी लागावी लागते. जाहिरातीत ‘कोणतीही पदवी चालेल’ असं लिहिलं असेल तर ते पद तिथे अडतं. अर्थ किंवा विज्ञान वार्ताहरासारखं विषयाची पदवी मागणारं पद असेल तर दुसऱ्या वर्षी घेतलेला जोडविषय इथे कामाला येतो.

ऑनलाइन अर्जात दोन प्रश्न जवळजवळ हमखास असतात. ‘अमेरिकेत काम करण्याची तुम्हांला मुभा आहे का?’ ओपीटी मंजूर असेल तर ‘हो’. ‘आता किंवा पुढे तुम्हांला प्रायोजकत्व (मालकाने तुमच्या व्हिसासाठी अर्ज करणं) लागेल का?’ पुढेही तिथेच राहून काम करायचं असेल तर यालाही ‘हो’. दुसऱ्याला ‘नाही’ लिहून मुलाखत मिळते, पण वर्षभराने तोच फॉर्म मनुष्यबळ विभागाच्या टेबलावर पुन्हा उघडला जातो. ‘हो’ लिहा, आणि मुलाखतीला जाताना ओपीटी कधी संपते आणि मालकाला नेमकं काय करावं लागेल, हे अर्ध्या पानावर लिहून सोबत न्या. छोट्या न्यूजरूमच्या संपादकाने याआधी कुणाला प्रायोजित केलेलंच नसतं.